पॅम्प्लेटवरचा चौकोन उघडला, तेव्हा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरची घडी उलगडली आणि आतून एक गुळगुळीत पॅम्प्लेट मांडीवर पडले. 'समृद्धी टच प्लॉट! एन.ए.! रेरा रजिस्टर्ड! फक्त 30 हजारांत बुकिंग!' एन.ए., म्हणजे बिगरशेती, ही अक्षरे बोटभर उंच, आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढ्या टायपात 'प्रस्तावित'. चष्मा पुसून पुन्हा पाहिले तेव्हा कुठे ते दिसले.

हे प्लॉट पाडलेले वावर माझ्या पाहण्यातले आहे, कारंजा (लाड) तालुक्यातले. गेल्या हंगामापर्यंत तिथे कपाशी होती. पऱ्हाट्या उपटल्या, चुन्याच्या फक्क्या मारल्या, सिमेंटचे खुंट रोवले, दर्शनी भागात लोखंडी कमान उभी केली, की झाला लेआउट. 'समृद्धी टच' हे मात्र खोटे नाही, वावराचा धुरा खरेच समृद्धी महामार्गाच्या कुंपणाला लागून आहे. पण समृद्धीवर चढायचे तर इंटरचेंजच, म्हणजे ठरवून दिलेली चढण्या-उतरण्याची जागाच, गाठावी लागते. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याला कोणी आपल्या वावरातून वाट काढू शकत नाही. इथल्या प्लॉटवाल्याला गाड्या दिसतील, रात्रभर ऐकूही येतील. बसायचे असेल तर आधी गावरस्त्याचे खड्डे.

पॅम्प्लेटच्या कोपऱ्यात काळा-पांढरा चौकोन होता. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. तो स्कॅन केला की त्या प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, सगळे समोर यायला हवे. नातवाने मोबाईल धरला. उघडले काय, तर दलालाचे व्हॉट्सॲप! 'हाय, आय ॲम इंटरेस्टेड' हा निरोपही आयता टाईप केलेला. आणि 'रेरा रजिस्टर्ड' म्हणून जो नंबर छापला होता तो 'ए'ने सुरू होणारा, म्हणजे एजंटचा स्वतःचा. प्रकल्पाचा नंबर 'पी'ने सुरू होतो, तो कुठेच नाही. गाडीची कागदपत्रे मागावीत आणि ड्रायव्हरने आपले लायसन्स पुढे करावे, तसला हा प्रकार.

दलालाला फोन करून विचारले. उत्तर आले, "काकाजी, प्रोजेक्टचा रेरा शयरात लागते, खेड्यात काई लागत नाई." हे अर्धवट ज्ञानच लोकांना बुडवते. 2016 च्या रेरा कायद्यात 'नियोजन क्षेत्र' असा शब्द आहे, 'शहर' नाही. प्रादेशिक विकास योजनेखालचे क्षेत्रही त्याच व्याख्येत येते. सूट आहे ती 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांना. हे वावर दोन एकरांचे. नोंदणी लागत असलेल्या प्रकल्पाची ती होण्याआधी जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचे नाही, आणि एजंटनेही असला प्लॉट विकायला हात लावायचा नाही. लावला तर कलम 62 खाली दिवसाला 10 हजार रुपये दंड, प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. एजंटांना आता प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. 'प्रस्तावित' किती मोठ्या टायपात छापायचे, हा प्रश्न तिथे विचारत असतील असे वाटत नाही.

माझे साडू एसटीत चालक होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी असाच दीड हजार फुटांचा प्लॉट धरला. निम्मी रक्कम नगदी दिली, हाती शंभराच्या स्टॅम्पवरची इसारपावती. खरे तर नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. एन.ए. आजतागायत झालेले नाही. साडू शेतकरी नाहीत; विदर्भाचा 1958 चा कुळवहिवाट कायदा असा की बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे खरेदीखत अडले आणि सातबाऱ्यावर नाव चढण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यात ज्या पॅम्प्लेटवर भाळून त्यांनी पैसे दिले, ते साडूंच्या पत्नीने डब्याखाली अंथरून संपवले. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे भरपाई मागता येते, व्याजासह पैसे परतही मागता येतात. पण जाहिरात दाखवायला तर हवी!

घडीत पॅम्प्लेट कोण सारतो यावर आपला ताबा नसेल, हे कबूल. पण आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती आपल्याच काउंटरवर घेतल्या जातात. तिथे बसणाऱ्याने प्लॉटची जाहिरात घेताना 'पी'चा नंबर विचारावा आणि महारेराच्या साइटवर तो पाहून घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. नंबर नसेल आणि सूट सांगत असतील, तर बिगरशेतीचा कागद आणि मंजूर नकाशा मागावा. रविवारचे पॅम्प्लेट मी फेकलेले नाही. मागे तारीख लिहून फाईलला लावले आहे. त्याची झेरॉक्स सोबत जोडत आहे.

आपला नियमित वाचक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम