वर्गणीदारांची वही

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आपटलास, त्याचा राग नाही. "आई, तुला व्हिडिओचा रीच, म्हणजे तो किती जणांपर्यंत पोचतो ते, कळत नाही" म्हणालीस, तेही खरंच. पण परवा रोहित बोलून गेला की कॅमेऱ्यावरच्या पोराला तू या महिन्यापासून येऊ नको म्हणालीस. झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. धंद्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलंय.

उसाच्या काट्याचा तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. चेअरमन तापलेला आणि तू शांतपणे पावती पुढे धरलेली. हुबेहूब तुझे नाना! अख्ख्या आळीला दाखवला. दीड लाख लोकांनी पाहिला म्हणे. मग पाणीपट्टीचा तितकाच चांगला, तो अकराशेच लोकांनी का? तुलाही सांगता येईना. तेच मला खुपतं. आपल्या पेपरचा खप पडला की नानांना कारण ठाऊक असायचं. एस.टी.चा संप, नाहीतर स्टँडवरच्या एजंटाने गठ्ठा बाकाखाली सारलेला. मग नाना जाऊन त्याच्याशी भांडायचे. यूट्यूब जाहिरातीच्या 100 रुपयांतले 45 ठेवून घेतं, त्याचं मला काही नाही, कमिशन एजंटही घ्यायचा. पण गठ्ठा बाकाखाली गेला तर तू कुणाशी भांडणार?

बुधवारी रात्री नाना अंकाच्या घड्या घालायचे, मी रॅपरवर पत्ते लिहायची आणि तू खळीचा डबा सांडायचीस. साडेआठशे वर्गणीदार. निम्मे वर्गणी थकवायचे, पण त्यांचं दार माहीत होतं. दिवाळीआधी नाना सायकल घेऊन तिथे हजर. तुझी दोन लाख माणसं कुठे राहतात गं? ते फेसबुकला माहीत. 2018च्या जानेवारीत झुकरबर्गने बातम्यांच्या पानांपेक्षा मित्रांच्या, घरच्यांच्या पोस्टी वर आणल्या आणि फेसबुकच्याच जिवावर चालणारी अमेरिकेतली ती लिटलथिंग्ज नावाची कंपनी फेब्रुवारीतच बंद पडली. तूच सांगितलं होतंस, नोकरीत होतीस तेव्हा. 2020च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, त्या रात्री आपला बंट्या ओट्यावर कसा बसला होता, आठवतं?

बघ, सुरू झालेच मी. रागावू नकोस. नोकरी सोडलीस ते चुकलं असं मी म्हणत नाही. काकू म्हणतात, त्यांना म्हणू दे. फक्त छपाईची ट्रेडल भंगारवाल्याने नेली तेव्हा नाना दोन दिवस जेवले नव्हते, ते मला पुन्हा घरात बघायचं नाही. तू जेवतेस ना वेळेवर?

रोहितबरोबर मेतकूट आणि थोड्या कुरडया पाठवतेय. संक्रांतीला ये. वर्गणीदारांची वही माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे, उगाच.

तुझी,
आई

ता.क. व्हिडिओखाली "ताई, आमच्या गावात या" असं लिहिणारे असतात, त्यांचे फोन नंबर तरी लिहून घेतेस का?