गऱ्या सुट्या ठेवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे उघड पत्र. ओहायोतल्या आपल्या माणसांनाही कळू दे.

आई गेल्यावर बाबांना मी इकडे कोलंबसला आणलं. खाडीकाठी जन्म काढलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, मामाच्या शेतात तळं आहे, वडिलांना घेऊन खुशाल गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जा. तेव्हा कुठे बाबांनी मान वर केली. पण तळं आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. एका मोठ्या दुकानात विचारलं, तर विक्रेत्याने काहीएक न विचारता बास या मोठ्या शिकारी माशासाठीचे जाड रॉड आणि बोटाएवढी प्लॅस्टिकची आमिषं पुढ्यात मांडली. ब्लूगिल या छोट्या माशाच्या एवढ्याशा तोंडात ती मावणार नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मला वाटत नाही. ओळखीतल्या एकाने, जो स्वतः नेहमी मासे धरायला जातो, 'बघू, सांगतो' म्हटलं आणि पुन्हा फोनच उचलला नाही. समोर बाबा वाट बघत होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर विचारलंत: तळं केवढं? बांध कुठल्या अंगाला? मालकाने कुठले मासे सोडलेत? आणि भाऊंचे गुडघे कसे आहेत? बाबांबद्दलच्या या शेवटच्या प्रश्नाला मला पटकन बोलता आलं नाही.

मग उपग्रहाचा नकाशा उघडून तुम्ही सगळं समजावलंत. बांधाकडे खोल, समोरच्या टोकाला उथळ. जूनमध्ये ब्लूगिल काठाजवळ विणीला येतात, तळाशी त्यांच्या घरट्यांचे बशीसारखे खळगे दिसले की तिथेच बसा. घरट्याची राखण करणारे मोठे नर परत सोडा, बाकी किती न्यायचे ते मालकाला विचारा. असल्या बंद खासगी तळ्यावर ओहायोत लायसन्स लागत नाही, पण फाटक जसं सापडेल तसंच लावून निघा. मला परक्याच्या तळ्यावर जायचा संकोच वाटत होता, तोही तुम्ही घालवलात. बास आणि ब्लूगिल शेततळ्यात एकत्र सोडायची पद्धत अलाबामातल्या ऑबर्नला होमर स्विंगल या मत्स्यतज्ज्ञांच्या प्रयोगांतून १९३०-४०च्या दशकांत रुजली. बासने ब्लूगिलची पिल्लं खायची, उरलेले माणसाने काढायचे. नाही काढले तर गर्दी होते आणि सगळेच खुरटतात. 'तुम्ही चार मासे नेलेत तर त्याचं तळं चांगलंच राहील,' म्हणालात.

आदल्या रात्री दारात तुमची पिशवी होती. हलके रॉड, बारीक दोरी, पाण्यावर तरंगणारे छोटे बॉबर, ओल्या मातीत गांडुळं, शेजारी घडीची खुर्ची. सगळं जुळवून ठेवलेलं, फक्त गऱ्या, म्हणजे गळाचे आकडे, सुट्या. आणि चिठ्ठी: 'गाठी भाऊंनी माराव्यात.'

काका, त्या गाठी तुम्हाला दोन मिनिटांत मारता आल्या असत्या. इथे आल्यापासून बाबांचं सगळं मीच करत होतो, फोन लावून देणं, गोळ्या काढून देणं, गाडीचा पट्टासुद्धा. तळ्याकाठी त्यांनी चष्मा कपाळावर सारला, दोरी ओठांत धरून ओली केली आणि गाठ आवळली. मग माझा रॉड मागून घेतला आणि माझीही गरी बांधली. 'ओढून बघ,' म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी मला काही सांगितलं ते त्या दिवशी. गांडूळ किती लावायचं, बॉबर कधी वर ओढायचा, माझी सावली पाण्यावर पडतेय ती काढ. दिवसभर सांगत होते.

मदत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बरेचजण सगळं काम स्वतःच्या हातात घेतात आणि समोरच्याला नुसतं बसवून ठेवतात. एका म्हाताऱ्या माणसाचे हात अजून कामाचे आहेत हे तुम्ही त्यांना न भेटता ओळखलंत. पोटचा मुलगा असून मला ते सुचलं नव्हतं.

मासे भरपूर मिळाले. मालक स्वतः येऊन बघून गेले आणि पानगळीत पुन्हा या म्हणाले. येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, ब्लूगिल बाबा स्वतः रव्यात घोळवून तळणार आहेत. पिशवी आणि खुर्ची तेव्हा परत देतो. गऱ्या मात्र बाबांनी गावी न्यायला मागितल्या आहेत, तेवढी परवानगी असावी.

तुमचा कृतज्ञ,
भाऊंचा मुलगा