गाडीवरून वॉर्डात येताना

मिरज

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, ॲम्ब्युलन्स सोडून नर्सिंगला जाऊ का?" आणि मी उत्तर देईपर्यंत तुला कॉल आला. जा, असंच माझं उत्तर आहे. पण इतकी वर्षं आधी अधिपरिचारिका आणि मग परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळल्यावर नुसतं "जा" म्हणून मला सोडवत नाही.

मागं जतकडून मण्यार चावलेला मुलगा तू आणलास. रस्ताभर ॲम्बू बॅग दाबून त्याला श्वास देत होतास. कॅज्युअल्टीत पेशंट ताब्यात दिला, कागदावर सही घेतलीस आणि गाडी पुढच्या कॉलला निघाली. त्याचं पुढं काय झालं हे कळलं नाही म्हणून कितीतरी दिवस तुला चैन नव्हतं. तू बोलला नाहीस, पण आईला कळतं. आमचं काम त्या सहीनंतर सुरू होतं, म्हणून मला वाटतं की तू इकडं यावंस.

घोणस चावलेला ऊसतोड कामगार वॉर्डात आला की काय असतं ते सांगते. सर्पविषाच्या लशीच्या 10 बाटल्या सलाइनमधून सुरू झाल्या की सिस्टर खाटेजवळून हलत नाही. अंगावर गांधी उठतात का, थंडी वाजते का, श्वासाला घरघर येते का, हे बघायचं. यातलं काही दिसलं की ती लशीची रिॲक्शन समजायची: लस बंद, डॉक्टरांना हाक आणि ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीत. ते आधीपासून भरून हाताशी ठेवायचं असतं. मग रक्त गोठतंय का ते बघायचं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष अजून काम करतंय. नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर निकाल चुकतो, म्हणून नळी कुठून आली हेसुद्धा मी मुलींना विचारायची. लशीनंतर 6 तासांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात लघवी किती झाली, तिचा रंग कसा आहे आणि सूज कुठवर चढली हे बघत राहायचं. सुजेच्या कडेला पेनानं कातडीवर रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. सकाळी राउंडला डॉक्टर पहिल्यांदा त्या रेघा बघतात.

यात सायरन नाही, धावपळही फारशी नाही. तुझ्यासारख्याला सुरुवातीला हेच जड जाईल. गाडीवर चार मिनिटांत निर्णय घेऊन मोकळं व्हायची सवय लागलेली असते. वॉर्डात लकव्याच्या म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, आणि ते दिवसेंदिवस. माकडहाडावर लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचं. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी झाली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोअर सुरू झाला समज. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली दिसतही नाही, तिथं जागा गरम किंवा कडक लागते का ते हातानंच कळतं. हे कुणी बघितलं नाही तरी त्या दिवशी काही बिघडत नाही. आठवड्यानं हाडापर्यंत जखम दिसते. म्हणून नर्सचं लक्ष मी औषधाइतकंच मोठं मानते.

आणि लिहायला शीक. ड्युटी बदलताना ओव्हर घेतात, तेव्हा वहीत नसलेली गोष्ट घडलेली नाही असंच धरलं जातं.

तुझ्याकडे आहे तेही कमी नाही. हलत्या गाडीत शिरेत सलाइनची सुई, इंट्राकॅथ, लावणारा हात पहिल्या वर्षाच्या पोरांकडे नसतो. रडणाऱ्या नातेवाइकांशी तू हळू आवाजात बोलतोस. अथणी, विजापूरकडचे पेशंट आणता आणता कन्नड शिकलास, त्याचं मोल मिरजेच्या कुठल्याही वॉर्डात कळेल. 1894 साली डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून सीमेपलीकडची माणसं उपचाराला मिरजेलाच येतात.

मात्र या अनुभवाची सूट कुठं मिळणार नाही. ईएमटीवरून, म्हणजे तुझ्या ॲम्ब्युलन्समधल्या तंत्रज्ञाच्या कामावरून, थेट दुसऱ्या वर्षात जाता येत नाही, अठरा वर्षांच्या मुलांसोबत पहिल्यापासून बसावं लागेल. बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं आहे, त्याला बारावी सायन्स आणि सीईटी लागते. पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा 3 वर्षांचा, त्याला वयाची मर्यादा 35. माझं मत विचारशील तर बी.एस्सी.च कर. पुढं एम.एस्सी., शिकवण्याचं काम, परदेश, सगळे रस्ते त्यातून सरळ जातात. कॉलेज बघताना इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोघांची मान्यता तपास. शिवाय त्यांच्या रुग्णालयात जाऊन खाटांवर खरंच पेशंट आहेत का ते डोळ्यांनी बघून ये. "हजेरीचं बघू" म्हणणाऱ्या कॉलेजची पायरी चढू नकोस, रिकाम्या वॉर्डात नर्स घडत नाही.

आत्या म्हणाल्या, "मुलगा असून नर्स?" त्यांना मी सांगितलंय की वॉर्डात ब्रदर असतात आणि पुरुष पेशंटला कॅथेटर घालायची वेळ आली की सगळे त्यांचीच वाट बघतात. पण एक खरी अडचण तुला माहीत हवी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना आहेत. म्हणजे मुलांची चुरस जास्त. ते धरूनच अभ्यास कर.

तरी तुझ्या आत्ताच्या कामापेक्षा इथं पायाखाली जमीन आहे. 108 ची सेवा 2014 ला सुरू झाली ती गाडीवर डॉक्टर घेऊनच, त्यामुळं तुम्हा ईएमटी मुलांना खासगी गाड्यांवर राबावं लागलं. तुमच्या कामाला कायद्यात नाव मिळालं ते 2021 साली. नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947 मध्येच झाला. नोंदणी झाली की ती तुझी, मालक बदलला तरी.

चार वर्षं पगार नसेल याची काळजी करू नकोस. माझी पेन्शन आहे, आणि बाबांनीही हो म्हटलंय, फक्त तुला स्वतःहून सांगणार नाहीत. सीईटीपर्यंत नोकरी सोडू नकोस, पण नाईट कमी मागून घे. बारावीचं मार्कलिस्ट आणि डोमिसाइल कपाटातल्या निळ्या फाइलीत आहे. नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलीय, ते नव्यानं काढावं लागेल. सुट्टीच्या दिवशी ये, फॉर्म बरोबर बसूनच भरू.

तुझी,
आई