मामा, तुम्ही आधी हात गरम केलेत

आदरणीय मामा,
स. न. वि. वि.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत नातवाच्या तोंडूनच पोचणार. तरी इथे लिहितेय, कारण पुण्याच्या आसपास घोड्या पाळणारे चार जण वाचतील आणि त्यांना कळेल की अशी माणसं अजून आहेत.

आमची घोडी गौरा ऐन थंडीत व्याली, मध्यरात्र उलटून गेल्यावर. शिंगरू तासाभरात पायावर उभं राहिलं, वारही वेळेत पडली. सासरे पेढ्यांचं बोलायला लागले होते. पण ते कासेकडे वळलं, की गौरा कान पाडायची आणि मागचा पाय उचलायची. मारवाडी घोडी ती, एरवी तिच्या दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकलेली असतात. तेच कान मानेला चिकटले की आत जायची कोणाची छाती होईना. एकदा तर खूर शिंगराच्या बरगडीला चाटून गेला. ते बिचारं थोडं मागे सरायचं आणि पुन्हा तिथेच तोंड घालायला बघायचं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, तर म्हणाले, दुपारी बघू. दुपारी! माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची थोडी ताकद मिळते, शिंगराला वारेतून तसं काही मिळत नाही. त्याला जे मिळायचं ते सगळं चिकातून, म्हणजे आईच्या पहिल्या घट्ट दुधातून, आणि तो पहिल्या सहा-आठ तासांत पोटात गेला तर त्याचा खरा उपयोग. चोवीस तास झाले की आतडं ते आत घेईनासंच होतं. घोडेवाल्यांच्या घरात सून म्हणून आलेल्या मला हे ठाऊक आहे, डॉक्टरांना नसेल?

उजाडायच्या आत एक ट्रेनर आले. गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट, गाडीवर घोड्याचं चित्र. त्यांनी गौराचा वरचा ओठ दोरीने पिळून धरायला लावला आणि शिंगराला ढकलत कासेशी नेलं. तिने दोरी तोडली. मग निकाल दिला: घोडी खुनशी आहे, विकून टाका, पिल्लू बाटलीवर वाढवा. एवढं सांगून निघाले, आणि फी मात्र जाता जाता ऑनलाइन घेतली.

पुण्यात घोड्यांवरच्या पुतळ्यांना तोटा नाही. शिवाजीनगरचा, शिल्पकार करमरकरांनी केलेला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा पुतळा बघायला लोक अजून मान वर करून थांबतात. भीमथडीची तट्टं ज्या मुलखात वाढली तो हाच मुलूख. आणि इथे एका पहिलटकरीण घोडीला काय होतंय, हे विचारणारं माणूस मिळेना.

तुमचा नंबर घासवाल्याने दिला. रेसकोर्सच्या तबेल्यांत उभा जन्म गेलेला माणूस आहे, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी, एवढीच ओळख. हडपसरहून मिळेल त्या टेम्पोने आलात, माकडटोपी घालून. आल्या आल्या आत शिरला नाहीत. दारात गौराकडे पाठ करून नुसते उभे राहिलात, ती तुमचा वास घेईपर्यंत. मग मला म्हणालात, "पोरी, घमेलंभर कढत पाणी आण."

मला वाटलं, औषध कालवायचं असेल. तुम्ही बाह्या वर सारल्यात आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून बसलात. निवांत. इकडे आमचा जीव टांगणीला लागलेला आणि तुम्ही हात शेकताय! सासरे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोललात, "हिची कास दगड झालीय, ठणकतेय. त्यात आपले हात बर्फ. मीपण लाथ मारली असती."

मामा, मला त्या वाक्याने रडू आलं. रात्रभर जो तो तिला काहीतरी करत होता, कोणी धरत होतं, कोणी ढकलत होतं, कोणी ओरडत होतं. तिला दुखत असेल हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं.

पुढचं कसं केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, उगाच कोणीतरी वाचून अर्धवट करायला जाईल. गरम हातांनी तुम्ही थोडा चीक काढलात, तसे तिचे कान मानेवरून सुटले. तो वाया न घालवता शिंगराला पाजलात, बोटभर त्याच्या पाठीला चोळलात. सासरे तिच्या तोंडाशी लसूणघास धरून उभे होते. ती पाठ हुंगत राहिली, मग चाटायला लागली. आणि घशातल्या घशात तो हुंकार आला, जो घोडी फक्त आपल्या पिल्लासाठी काढते. त्यानंतरही तिने पाय उचलला, नाही असं नाही. तुम्ही ना ओरडलात, ना हात उगारलात. नुसतं "हां, हां, कळलं" म्हणालात.

माझ्या बाळंतपणात कळा येत असताना एक बाई माझ्यावर खेकसली होती, "एवढं काय ओरडायचं त्यात?" कोणत्या दवाखान्यात ते जाऊ दे. तुम्हाला घोडीशी तसं बोलताना पाहिलं आणि वाटलं, तिथे तुमच्यासारखं कोणी असतं तर. दुसऱ्याचं दुखणं खोटं न मानणं याला शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. तरी किती दुर्मीळ.

बाटलीचं काय, असं सासऱ्यांनी विचारल्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी तबेल्यात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. आई असताना पिल्लू माणसाच्या हातावर वाढवू नये. ते माणसालाच घोडा समजायला लागतं, आणि दोन वर्षांचं झालं की खेळायला म्हणून आपल्या खांद्यावर पाय टाकतं. घोड्यांमध्ये कसं वागायचं हे त्याला घोडीच शिकवणार. आता दिसतंय ते. शेजारचा म्हातारा घोडा जवळ आला, की आमचं शिंगरू मान पुढे काढून तोंडाची उघडझाप करतं. "मी लहान आहे, मारू नका," असं म्हणतंय ते, हे तुम्हीच सांगितलेलं. नाहीतर आम्ही दात बघायला डॉक्टर बोलावला असता.

आठव्या-दहाव्या दिवशी त्याला हगवण लागेल, घोडी माजावर येते त्याच सुमारास, घाबरू नका, शेपटीखाली व्हॅसलिन लावा, हेही आधीच बजावलं होतंत. तसंच झालं. खेळकर होतं, पीत होतं, म्हणून आम्ही धीर धरला.

आषाढाच्या सुमारास दूध तोडायचं आहे. तेव्हा तुम्हाला यावंच लागेल, टेम्पोने नाही, आम्ही गाडी पाठवू. आणि एक काम त्याआधीच करा. शिंगरू आईची लीद खातं म्हणून सासरे त्याच्यामागे झाडू घेऊन धावतात. खाऊ द्या, त्याने पोटात पचनाचे जंतू तयार होतात, असं तुम्ही म्हणाला होतात ना? तेवढं त्यांना फोन करून सांगा. सुनेचं ऐकत नाहीत ते.

आपली,
घोडेवाल्यांची धाकटी सून