‘नाव मागाहून कळवू’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला २०२५ चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा पुरस्कार) मिळाल्याची बातमी आणि तिच्याखाली आपल्या क्रीडा प्रतिनिधींचं ‘पायरेट्सनी आता काय करावं’ हे टिपण वाचलं. मराठी दैनिकात पिट्सबर्गच्या बेसबॉलला चार कॉलम मिळाले, त्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात.

स्कीन्सचा भाव चढा आहे तोवर त्याला विका, बदल्यात पाच प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) घ्या आणि २०२८ चा संघ बांधा, असा आपला सल्ला. तो इकडे नवा नाही, दर हिवाळ्यात बर्फाबरोबर पडतो. गेल्या एप्रिलमध्ये पीएनसी पार्क या घरच्या मैदानावर प्रेक्षक ‘विका, विका’ ओरडत होते हे खरं. पण ते मालक बॉब नटिंग यांना उद्देशून, संघ विका म्हणून! आपल्या प्रतिनिधींनी ती घोषणा स्कीन्सच्या गळ्यात बांधली.

सौद्यांचाच विषय काढलात तर ३१ जुलै २०१८ या तारखेला वळसा घालून कसं चालेल? टिपणात तिचा उल्लेखही नाही. त्या जुलैत संघ सलग ११ सामने जिंकला, वरच्यांना चेव आला आणि टँपा बे रेजकडून क्रिस आर्चर हा पिचर आणला. मोबदल्यात पिचर टायलर ग्लासनाऊ, बॅटर ऑस्टिन मेडोज आणि तिसरा ‘नाव मागाहून कळवू’. बेसबॉलात असा रिवाज आहे : सौदा आज पक्का, उरलेला माल कोणता ते सहा महिन्यांच्या आत ठरवायचं. बहुतेक वेळा हा तिसरा कुणीतरी किरकोळ असतो. इथे दोन आठवड्यांनी नाव कळलं ते शेन बाझचं. वर्षापूर्वीच्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर घेतलेला पिचर! भाजीवाल्याकडे वर कोथिंबिरीच्या दोन काड्या मागाव्यात आणि त्याने मळाच नावावर करून द्यावा, तसं झालं.

आता ग्लासनाऊ इथे का चालला नाही ते बघा, कारण मुद्दा तिथेच आहे. सहा फूट आठ इंच उंची, हात लांब. त्याचा चेंडू सुटतो तोच बॅटरच्या पुढ्यात. अशा पिचरने फोर-सीम फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) स्ट्राइक झोनच्या (बॅटरच्या गुडघा ते छाती या चौकटीच्या) वरच्या कडेला टाकावा आणि त्याच वाटेने येऊन एकदम खाली पडणारा कर्व्ह द्यावा, हे आज शाळेतला कोचही सांगेल. पिट्सबर्गचं तेव्हाचं शास्त्र उलटं होतं. सिंकर (बुडणारा चेंडू) खाली टाका, बॅटरला जमिनीवर मारायला लावा, इनफिल्डचे खेळाडू आधीच सरकवून ठेवा, म्हणजे थोड्या पिचमध्ये (फेकींत) डाव संपतो. २०१३ ते २०१५ हे झकास चाललं. मग बॅटरांनी बॅट फिरवण्याची वाट बदलली, खालचा चेंडू ते उचलून मारू लागले. शास्त्र मात्र जागचं हललं नाही. ग्लासनाऊला २०१८ मध्ये बुलपेनमध्ये (बदली पिचरांत) बसवून ठेवलं होतं. रेजनी त्याला लगेच स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) केलं, फास्टबॉल वर न्यायला सांगितला, आणि २०२० मध्ये ते वर्ल्ड सिरीजला पोचले. मेडोजने २०१९ मध्ये ३३ होमरन मारले. आणि आपला आर्चर? त्याच वर्षी ५.१९ ईआरए (नऊ डावांमागे खात्यावर पडलेल्या धावा). २०२० मध्ये शस्त्रक्रियेमुळे एक पिचसुद्धा नाही, आणि हंगाम संपल्यावर करार वाढवण्याचा १ कोटी १० लाख डॉलरचा ऑप्शन नाकारून नारळ.

आपले प्रतिनिधी म्हणतील, हे प्रॉस्पेक्ट देण्याचं उदाहरण झालं, आम्ही तर घ्या म्हणतोय. घेण्याचं उदाहरण त्याच वर्षीच्या जानेवारीतलं. गेरिट कोल, २०११ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट, ह्यूस्टनला दिला आणि चार जण घेतले : जो मसग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकल फेलिझ, जेसन मार्टिन. एकाचे चार, हिशेब छान दिसतो. कोलचा २०१७ चा ईआरए ४.२६. ह्यूस्टनने त्याचे सिंकर जवळजवळ बंद केले, ब्रेकिंग बॉल (वळणारे चेंडू) वाढवले. पुढच्या वर्षी २.८८, त्याच्या पुढच्या वर्षी २.५० आणि ३२६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). इकडे आलेल्या चौघांतला त्यातल्या त्यात चांगला मसग्रोव्ह. त्यालाही २०२१ च्या जानेवारीत सॅन डिएगोला दिला आणि एप्रिलमध्ये त्याने त्यांच्याकडून नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला.

हे दोन्ही सौदे तेव्हाचे जनरल मॅनेजर नील हंटिंग्टन यांच्या काळातले, हे कबूल. २०१९ च्या अखेरीस त्यांच्या जागी बेन चेरिंग्टन आले आणि पिचर घडवणं पुष्कळ सुधारलं. श्रेय द्यायचं तर २०२१ च्या ड्राफ्टचं द्यावं. पहिल्या क्रमांकावर कॅचर हेन्री डेव्हिस घेतला. त्या जागेचा ठरीव आकडा ८४ लाख डॉलर, त्याच्याशी ६५ लाखांत जमवलं आणि वाचलेल्या पैशातून तिसऱ्या फेरीत बब्बा चँडलरला ३० लाख दिले. नाहीतर तो पोरगा कॉलेजात गेला असता. हाच चँडलर यंदा ऑगस्टमध्ये वर आला. काटकसर करायची तर अशी.

पण बॅटर? त्याच डेव्हिसला कॅचर म्हणून घेतलं, २०२३ मध्ये वर आणून राइट फील्डमध्ये उभं केलं, २०२४ मध्ये पुन्हा स्टंपामागे, म्हणजे प्लेटमागे (आपल्या प्रतिनिधींची भाषा चिकटली). यंदा त्याची सरासरी .२०० च्याही खाली (पाच प्रयत्नांत एक हिटसुद्धा नाही). ओनील क्रूझ यंदा बरोब्बर .२०० वर. कीब्रायन हेजला आठ वर्षांचे ७ कोटी लिहून दिले आणि जुलैत सिनसिनाटीला देऊन टाकलं. म्हणजे इथे पिचर पिकतो, बॅटर करपतो. मग स्कीन्सच्या बदल्यात आलेल्या पाच पोरांना शिकवणार कोण? तीच माणसं ना?

टीम रडते आहे ती बॅटिंगमुळे. स्कीन्सचा ईआरए १.९७ आणि जय-पराजय १०-१०. या दोन आकड्यांकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. १८ मे, फिलाडेल्फिया : स्कीन्सने आठही डाव एकट्याने टाकले, तीन हिट आणि एक धाव दिली, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि ०-१ ने हरला. समोरचा मिक एबल त्या दिवशी पहिलाच मेजर लीग सामना खेळत होता. त्यानेही सहा डावांत आपल्या नऊ जणांना घरी पाठवलं! यंदा ३० संघांत सर्वांत कमी होमरन पायरेट्सचे.

त्यात हे मैदान. टिपणात ‘एखादा दणकट उजवा बॅटर घ्या’ असं सरसकट लिहिलंय. पीएनसी पार्कमध्ये डाव्या रेषेवर भिंत ३२५ फुटांवर आहे, पण तिथून ती मागे मागे जाते, आणि पुढे एका कोनाड्यात ४१०. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे उचललेला चेंडू बरोबर त्या खोबणीत मरतो. उजवीकडे ३२० फूट, पण भिंत २१ फूट उंच (संघाचा दिवंगत तारा रॉबर्टो क्लेमेंटेचा क्रमांक २१, म्हणून). तेव्हा डावखुरा हवा, आणि तोही चेंडू हवेत ओढून मारणारा. सपाट फटके मारणाऱ्याचा चेंडू त्या भिंतीला आपटून एका बेसचा होतो. असे दोन बॅटर, एक फर्स्ट बेसला आणि एक लेफ्ट फील्डला, एवढीच तातडीची खरेदी. त्यासाठी द्यायचंच तर स्कीन्सच्या खालच्या रांगेतला एखादा तरुण पिचर द्यावा. तेही हात राखून. पाच स्टार्टर लागत असतील तर आठ मोजावेत, कारण कोपरं फाटतात : आपला तरुण पिचर जॅरेड जोन्स याचं यंदा मे महिन्यात ऑपरेशन झालं, आणि त्यातून परतायला दहा-बारा महिने सांगितले.

टिपणातल्या दोन चुका दुरुस्त करतो. ‘स्कीन्स २०३० पर्यंत ताब्यात’ हे चूक, २०२९ च्या अखेरीस तो मोकळा. गंमत अशी की २०३० करण्यासाठीच सगळी धडपड होती. मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. म्हणून २०२४ मध्ये त्याला ११ मेपर्यंत खालच्या संघात, इंडियनापोलिसला ठेवला. तिथे त्याने सात सामन्यांत ०.९९ ईआरए दाखवला, म्हणजे शिकण्यासारखं काय उरलं होतं ते दिसतंच. पण नियम असाही आहे की सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. तो पहिलाच आला. वर्ष गेलं. सुरुवातीपासून संघात ठेवला असता तर त्याच पुरस्काराबद्दल संघाला एक जादा ड्राफ्ट पिक मिळाला असता, तोही गेला. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटण्याचा फोटो आपण पहिल्या कॉलमात छापलात.

दुसरं, ‘कॉनर ग्रिफिनला मंगळवारपूर्वी ४० जणांच्या यादीत घ्यावंच लागेल, नाहीतर रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये कुणीही उचलेल’ ही भीती निराधार. १८ व्या वर्षी करार केलेल्याला त्या ड्राफ्टपासून पाच हंगाम संरक्षण, १९ किंवा जास्त असेल तर चार. ग्रिफिन २०२४ मध्ये शाळेतून आला, त्याचा प्रश्न २०२८ च्या हिवाळ्यात. आत्ताच यादीत घेतला तर एक जागा फुकट अडते आणि खाली पाठवला की त्याच्या तीन ऑप्शन वर्षांतलं (खाली पाठवायची मुभा असलेल्या वर्षांतलं) एक जळायला लागतं. यंदा तीन पातळ्यांवर मिळून सरासरी .३३३, २१ होमरन आणि ६५ चोरलेले बेस. वयाच्या १९ व्या वर्षी अल्टूनापर्यंत (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) मजल. त्याला सुखाने वाढू द्या.

मंगळवारची चिंता आहे ती बाकीच्या पोरांची. उचलणाऱ्याला एक लाख डॉलर भरून खेळाडू वर्षभर २६ जणांत ठेवावा लागतो, म्हणून कच्चा बॅटर सहसा कुणी नेत नाही, बुलपेनमध्ये लपवता येईल असा पिचर नेतात. यादीतल्या शेवटच्या जागा त्या हिशेबाने वापराव्यात. हा ड्राफ्ट क्षुल्लक समजू नये. खुद्द रॉबर्टो क्लेमेंटेला पायरेट्सनी १९५४ मध्ये अशाच ड्राफ्टमध्ये ब्रुकलिनकडून ४००० डॉलरला उचलला होता. जुलैत पिचर डेव्हिड बेडनार यांकीजना देऊन जे तीन आले, त्यांतले दोन कॅचर, याबद्दल मी काही बोलत नाही. एका संघाला कॅचर किती लागतात, हे प्रतिनिधींनी एकदा चेरिंग्टनना विचारावं.

जाता जाता. बातमीच्या चौकटीत ‘पायरेट्सचं भारतीय नातं’ म्हणून २००८ मध्ये संघाने करारबद्ध केलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची आठवण दिलीत, चांगलं केलंत. दोघेही मूळचे भालाफेकपटू, हेही बरोबर. पण फोटो कोलकात्याच्या रिंकू सिंगचा आहे. हातात बॅट, अंगात जांभळा शर्ट, गुजरातविरुद्ध शेवटच्या षटकात पाच षटकार मारले होते तो. दोन्ही रिंकू उत्तर प्रदेशचे, दोन्ही डावखुरे, तेव्हा घोटाळा समजू शकतो. पण पिचरच्या हातात बॅट का, एवढा प्रश्न तरी पान लावणाऱ्याला पडायला हवा होता. शिवाय ‘ईआरए १.९७’ म्हणजे ‘सामन्यामागे १.९७ बळी’ नव्हे. नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. आकडा जितका लहान तितका चांगला.

खुलासा छापणार असाल तर कृपया फोटो न लावता छापावा.

कळावे,
एक वाचक,
मन्रोव्हिल, पेनसिल्व्हेनिया