बातमी संपल्यानंतरची वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही महिने एकच सूर पुन्हा पुन्हा उमटतो आहे. युद्धे थांबत नाहीत, उन्हाळा दरवर्षी अधिक जीवघेणा होतो आहे, कुणाचा कुणावर विश्वास उरलेला नाही, तेव्हा या जगात मुलांना वाढवायचे तरी कशाच्या भरवशावर, असे विचारणाऱ्यांत निवृत्त मंडळी आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. त्यांच्या व्यथेची टिंगल करण्यासाठी हे पत्र नाही. सकाळच्या चहाबरोबर जे वाचायला मिळते त्याने ज्याचे मन विषण्ण होत नाही, त्याच्याविषयीच काळजी वाटायला हवी. परंतु ‘सारे काही बिघडतच चालले आहे’ हे म्हणणे भावना म्हणून समजण्यासारखे असले, तरी वस्तुस्थिती म्हणून टिकत नाही; आणि ते का टिकत नाही हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नागपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत त्याचा पुरेसा पुरावा आहे.

पहिले उदाहरण कुष्ठरोगाचे. ज्यांनी आज साठी ओलांडली आहे त्यांना रेल्वे स्थानकाबाहेर आणि देवळांच्या पायऱ्यांवर झडलेल्या बोटांना चिंध्या गुंडाळून बसलेली माणसे आठवत असतील. विदर्भात या रोगाचे प्रमाण मोठे होते आणि म्हणूनच त्याच्याशी झुंजही येथेच मांडली गेली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले, सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, आणि पुढे वरोऱ्याजवळच्या पडीक जमिनीवर बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, कारण त्यात माणसे आहेत आणि माणसांच्या गोष्टी लक्षात राहतात. त्यापुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. वर्ध्यातच १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वार्डेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी तीन पदरी पद्धत घडवली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जावे, अंगावरचा बधिर चट्टा शोधावा, हा रोग शाप नसून जंतूंमुळे होतो हे घरच्यांना समजवावे आणि औषध पोचते करावे, असा तो परिपाठ होता. त्या काळी हाताशी असलेले डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे, आणि कालांतराने जंतू त्यालाही दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि १९८३ पासून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती अंगीकारली. आयुष्यभराचा उपचार पुढे सहा महिने ते एक वर्ष इतका आटोपशीर झाला.

१९८३ मध्ये देशात दहा हजार लोकांमागे सुमारे अठ्ठावन्न रुग्ण होते. म्हणजे हजार वस्तीच्या खेड्यात सरासरी पाच-सहा. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्याही खाली आले. कायदाही मागोमाग, जरा रेंगाळतच, आला: जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद संसदेने २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकली. वृत्तपत्रांनी बाबा आमट्यांवर भरभरून लिहिले आणि ते योग्यच होते. परंतु रुग्णांची संख्या वर्षागणिक उतरत गेली, तो उतार कोणत्याही एका तारखेला घडला नसल्यामुळे कोणत्याही एका दिवसाच्या अंकात त्याला जागा मिळाली नाही. माझी नोकरीची बरीचशी वर्षे सरकारी तक्ते भरण्यात गेली, त्यामुळे असा उतार पाहून मला जो आनंद होतो तो सर्वांनाच होईल असे नाही, हे मी जाणून आहे.

येथेच थांबलो तर मात्र ती फसवणूक ठरेल. २००५ नंतर ‘निर्मूलन झाले’ या समजुतीने या रोगाकडे पूर्वीइतके लक्ष राहिले नाही. आजही देशात दरवर्षी एक लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, आणि आपले गडचिरोली व चंद्रपूर हे जिल्हे त्या नकाशावर अजून ठळक आहेत. आशेचे कारण शोधणाऱ्याने हाही आकडा वाचला पाहिजे. मला तर त्यातच आशेचे अधिक भक्कम कारण दिसते. प्रयत्न झाला तेव्हा रोग हटला आणि प्रयत्न सैल पडला तेव्हा उतार मंदावला, यावरून जे घडले ते दैवाने घडले नव्हते एवढे तरी सिद्ध होते.

दुसरे उदाहरण नवजात बालकांचे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बाळाला वाचवायचे तर रुग्णालय हवे, डॉक्टर हवा, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते, आणि खेड्यापासून रुग्णालय इतके दूर होते की त्या मताचा गडचिरोलीतल्या आईला काडीचाही उपयोग नव्हता. सर्चने गावातल्याच, थोडे शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवले: बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, श्वास अडकला तर काय करावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कोणती आणि अशा वेळी प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे. एकोणचाळीस गावांत हे काम केले गेले आणि सत्तेचाळीस गावे तुलनेसाठी ठेवली गेली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ही पद्धत पुढे अनेक देशांनी अभ्यासली, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ती आशा कार्यकर्तीच्या कामात समाविष्ट केली. आज बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताई ज्या सहा-सात फेऱ्या मारते, त्यांचे मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे. त्या फेऱ्यांसाठी तिला मिळणारा मोबदला किती तुटपुंजा आणि किती उशिरा मिळणारा असतो, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता आणि महाराष्ट्रात १६. घरात जन्मलेल्या मुलांची संख्या आणि जगलेल्या मुलांची संख्या वेगवेगळी सांगण्याची रीत आपल्या आज्यांच्या पिढीत सर्रास होती. आजच्या तरुण आईबापांना सहसा तसा वेगवेगळा हिशेब द्यावा लागत नाही, हा बदल एखाद्या निवडणूक निकालाहून मोठा आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

इतर दाखले थोडक्यात आटोपतो, कारण यादी लांबवण्यात मला स्वारस्य नाही. देवीचा अखेरचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतून निघणारा नारू १९९६ नंतर देशात दिसलेला नाही. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१९ मध्ये ‘फनी’ आले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ १९९९ च्या मानाने काहीसे कमी जोराचे असले तरी अतितीव्रच होते, मुख्यतः बदलली होती ती पूर्वसूचना आणि निवाऱ्यांची व्यवस्था. उन्हाळ्याच्या भीतीने लिहिणाऱ्या वाचकांसाठी एक दाखला मुद्दाम देतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू झाले, आणि त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला. नंतर आपल्या नागपुरानेही तसा आराखडा स्वीकारला. ऊन त्याने कमी होत नाही. दुपारी बारा ते चार या वेळात मजुराला सावलीत बसू द्यावे आणि ओआरएस हाताशी असावे, इतपत शहाणपण मात्र व्यवस्थेत येऊ शकते.

आता उलट बाजू. विदर्भात राहून प्रगतीचे गोडवे गाणाऱ्याला यवतमाळच्या कापूस उत्पादकाचे नाव काढताच गप्प बसावे लागते, आणि बसलेच पाहिजे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यानंतर कर्जमाफ्याही झाल्या, तरी शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबलेल्या नाहीत. महाराष्ट्राचा २०२० चा बालमृत्युदर सोळा असे अभिमानाने सांगताना मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या आदिवासी तालुक्यांतले बालमृत्यू त्या सरासरीखाली झाकले जातात. आणि पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, आपली नीरी, १९५८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहराची नाग नदी आजही सांडपाणी वाहून नेते, याला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. दूषित विहिरींतील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साह्याने काढण्याची जी पद्धत ‘नालगोंडा’ नावाने देशभर गेली, ती याच संस्थेने विकसित केली होती. ज्ञान येथे आहे. नदी मात्र तशीच आहे.

त्यामुळे आलेख दाखवून ‘बघा, सगळे कसे छान चालले आहे’ म्हणणारे लोक मला निराशावाद्यांइतकेच आळशी वाटतात. दोघांनाही काही करायचे नसते; एकाला गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला उपयोग वाटत नाही. मी ज्याला आशेचे कारण म्हणतो ते फार माफक आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी मोजले, मग कारण शोधले, परवडेल असा उपाय काढला आणि तो शेवटच्या घरापर्यंत नेला, आणि हे काम सरकार बदलले तरी दहा-वीस वर्षे चालू ठेवले. जेथे यातली एक कडी तुटली तेथे प्रगती अडली. कापसाच्या बाबतीत पतपुरवठा, बियाणे, पाणी, भाव आणि पीकविमा यांपैकी नेमके काय कोणत्या घरात बिघडले याची कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणासारखी घरोघरची, सातत्याची नोंद झालेली दिसत नाही. मदत मात्र सर्वांना एकाच मापाने वाटली जाते. हे काम अवघड आहे हे मान्य. दत्तपूरला १९३६ मध्ये समोर असलेले कामही सोपे नव्हते.

या साऱ्यात वृत्तपत्राचा संबंध काय, हे आता लिहितो, कारण पत्र लिहिण्याचा हेतू तोच आहे. वाईट बातम्या छापू नका, असे मी म्हणणार नाही. मेळघाटाची दुर्दशा वृत्तपत्रांनी लावून धरली नसती तर ती कुणाच्या गावीही राहिली नसती. रविवारच्या पुरवणीत ‘सकारात्मक’ नावाचा एखादा गुळचट रकाना असावा अशीही माझी मागणी नाही. तसे रकाने मी वाचतो, आणि एखाद्या सज्जनाने झाडे लावली याचा आनंद मानून पान उलटतो. ज्या जमाखर्चात खर्चाची नोंद रोजच्या रोज होते आणि जमेची कधीच होत नाही, तो वाचून कुणालाही दिवाळे निघाल्यासारखेच वाटेल. आपल्या दैनिकाकडे जुन्या अंकांचे संग्रहालय असणार. त्यातील दहा, पंधरा, पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या ठळक बातमीकडे महिन्यातून एकदा वार्ताहराने परत जावे आणि त्या गावात, त्या इस्पितळात, त्या नदीकाठी पुढे काय झाले ते नावगाव, आकडे आणि कारणे देऊन लिहावे. जेथे सुधारणा झाली तेथे ती कुणामुळे झाली ते कळेल, जेथे झाली नाही तेथे कोणते आश्वासन हवेत विरले तेही कळेल, आणि दोन्ही प्रसंगी वाचकाच्या हाती हळहळीपेक्षा अधिक काही पडेल.

अशा मागोव्याचा पहिला विषय म्हणून मी कुष्ठरोगच सुचवीन. त्याचा प्रसार २०२७ पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये दरवर्षी किती नवे रुग्ण सापडतात, त्यांत लहान मुले किती आहेत आणि हातापायांत विकृती आल्यानंतरच किती जण उघडकीस येतात, हे तीन आकडे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागून घेऊन छापावेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा छापावेत.

आपला,
धरमपेठ, नागपूर येथील एक जुना वाचक