ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : वारा आमच्या माळाचा, मग आमचीच ज्वारी आडवी का?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी मंगळवेढा तालुक्यातला ज्वारीचा शेतकरी. पवनचक्क्यांना माझा विरोध नाही. हे आधीच सांगतो, कारण आम्ही तोंड उघडलं की आम्हाला विकासाचे वैरी ठरवलं जातं.

गेल्या आठवड्यात एका पवनऊर्जा कंपनीची क्रेन आणि ट्रेलर माझ्या उभ्या ज्वारीतून गेले. मालदांडी हुरड्यात आली होती. पवनचक्क्यांची वीज नेणाऱ्या तारांच्या मनोऱ्याचा पाया खोदताना याच कंपनीच्या माणसानं चावडीवर, महसूल अधिकाऱ्यासमोर शब्द दिला होता : सुगी झाल्याशिवाय तारा ओढणार नाही, मोबदला आधी खात्यावर पडेल. मोबदला आला नाही, तारा आल्या. अडवायला गेलो तर सोबत पोलीस. माझ्याच बांधावर, माझ्या पोरासमोर, मला दंडाला धरून बाजूला केलं.

पंचनाम्यात दाणे धरले, कडबा धरलाच नाही. दावणीला जनावरं असलेल्या कुणालाही विचारा, कडब्याविना उन्हाळा कसा निघतो. म्हातारी आई तेव्हापासून रोज रानात जाते, मोडलेली ताटं गोळा करून पेंढ्या बांधते. तिला काय सांगू? शिवाय काळ्या रानातून एवढा बोजा गेला की खालची माती दडपते, पाणी मुरत नाही. आमची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच वाढते, साहेब. पुढच्या सालांचं हे नुकसान पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात : मनोऱ्याखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. तो कागद दाखवला तर कंपनीचा माणूस म्हणतो, आम्हाला लागू नाही. कार्यालयात म्हणतात, वरून आदेश नाही. वर तुम्हीच आहात ना?

आषाढातला हा वारा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. सह्याद्रीपलीकडे पाऊस पाडून तो इकडे कोरडा येतो आणि आमच्या डोक्यावरचे ढग पळवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून तर कंपन्या आमचे उघडे माळ हुडकत येतात. दोन मेगावॅटची एक पवनचक्की वर्षभरात पाव क्षमतेनं चालली तरी जवळपास ४४ लाख युनिट होतात. युनिटला साडेतीन रुपये धरा, दीड कोटी होतात. त्यातलं ज्याच्या रानातून तारा गेल्या त्याच्या हाती काय पडतं?

त्या वाऱ्याची वीज माझ्या डोक्यावरून जाते आणि माझ्या मोटरीला वीज येते रात्री. साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ केलं, ठीक. पण मध्यरात्री बॅटरी घेऊन, विंचू-साप चुकवत दारं धरायला पोरगंच जातं आणि ते परत येईपर्यंत घरात कुणाचा डोळा लागत नाही.

वीज कोळशावर करायची नसेल तर आम्हालाही हवंच आहे. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं १३२० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र उजनी धरणाचं पाणी घेतं आणि सोलापूर शहराच्या नळाला रोज पाणी नाही. पवनचक्कीला पाणी लागत नाही, धूर नाही. म्हणूनच तर जास्त चीड येते. देशात पवनऊर्जा ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली, २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म विजेचं ५ लाख मेगावॅटचं उद्दिष्ट आहे. इतकं चांगलं काम शेतकऱ्याचं पीक तुडवूनच करायचं, असं कुणी ठरवलं? आमच्या दक्षिण भागातल्या २४ गावांचं पाणी कित्येक निवडणुकांच्या भाषणांत वाहून गेलं. धरण असो, रस्ता असो, तारा असोत, जमीन आमची जाते आणि कागद घेऊन फिरायचं तेही आम्हीच. हे दामाजीपंतांचं मंगळवेढा आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार रयतेसाठी उघडलं, हुकमाची वाट पाहिली नाही. आज अधिकाऱ्याला शेतकऱ्याच्या हक्काची फाईलसुद्धा उघडवत नाही.

कडबा धरून पंचनामा नव्यानं करा. मोबदला खात्यावर पडल्याशिवाय रानात यंत्र घालायचं नाही, असा लेखी आदेश काढा. ज्या गावांवरून या तारा जातात, त्यांना शेतीसाठी दिवसा वीज द्या. पुढच्या मनोऱ्याची खूण शेजारच्या रानात झाली आहे. पैसे मिळेपर्यंत तिथं आम्ही सगळं गाव उभं राहणार, पोलीस आले तरी.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातील एक शेतकरी
जि. सोलापूर